सपर्स रेडी

जेनेसिस या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक वाद्यवृंदाची सुमारे २३ मिनिटांची दीर्घ रचना. ‘फॉक्सट्रॉट’ (१९७२) या अल्बममध्ये समाविष्ट. पीटर गॅब्रिएल (गायन), टोनी बँक्स (कळवाद्ये), स्टीव्ह हॅकेट (गिटार), माइक रदरफर्ड (बास) व फिल कॉलिन्स (ड्रम) हे तिचे वादक-गायक. रचनेचे सात भाग असून शेवटाकडे बायबलमधील ‘प्रकटीकरणा’च्या प्रतिमा दाटून येतात.

सुरुवातीच्या बारातारी गिटारींचा हळुवार झंकार अनेकांना प्रिय आहे. ‘विलो फार्म’ हा खट्याळ भाग सादर करताना गॅब्रिएल फुलाचा मुखवटा चढवी. तो प्रसंग त्या काळच्या प्रेक्षकांच्या मनावर कोरला गेला. मात्र चाहत्यांचे खरे प्रेम सहाव्या भागावर, ‘अपॉकॅलिप्स इन ९/८’वर आहे. रदरफर्ड व कॉलिन्स नऊ मात्रांचे आवर्तन हट्टाने धरून ठेवतात आणि बँक्सचा ऑर्गन त्या चौकटीला न जुमानता वर विहरतो. सम कुठे आहे, हेच ऐकणाऱ्याला उमगेनासे होते. ताण असह्य होतो तेव्हा गॅब्रिएलचा आवाज कोसळतो आणि पाठोपाठ आरंभीची चाल भव्य रूपात परतते. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये याहून समर्थ कळस क्वचितच साधला गेला आहे.

गॅब्रिएलनंतर कॉलिन्सने हे गीत गायले. ते ‘सेकंड्स आउट’ (१९७७) या थेट ध्वनिमुद्रणात ऐकता येते. १९७७ मध्ये जेनेसिस सोडलेल्या हॅकेटने पुढे स्वतःच्या मैफलींतही ही रचना संपूर्ण सादर केली.