मुळकूज म्हणजे नेमकी कोणती? हॅरोसॉय ते विल्यम्स ८२

सोयाबीनचं बियाणं घेताना कुणी ‘मुळकुजीला प्रतिकारक’ म्हटलं की मी विचारतो, कोणत्या मुळकुजीला? या प्रश्नामागं अमेरिकेतला जुना इतिहास आहे.

१९४८ साली इंडियानात आणि मग ओहायोत सोयाबीनची झाडं उभ्या उभ्या मरायला लागली. मूळ सडलेलं, खोड जमिनीपासून वर तपकिरी, पानं सुकून झाडालाच लटकलेली. कारण निघालं फायटोप्थोरा. हा ओल्या मातीतल्या पाण्यात पोहत मुळापर्यंत जातो. वायव्य ओहायोतल्या चिकण, पाणी धरणाऱ्या जमिनी त्याला चांगल्याच मानवल्या. हॅरोसॉय हे तेव्हाचं नावाजलेलं वाण, पण या रोगापुढं टिकेना.

१९५७ मध्ये कळलं की प्रतिकार एकाच प्रभावी जनुकावर चालतो. मग ब्लॅकहॉक वाणातलं ते जनुक घेऊन, संकराची रोपं पुन्हा पुन्हा हॅरोसॉयशीच जुळवत ‘हॅरोसॉय ६३’ तयार केलं. वाण जवळपास तेच, भर फक्त प्रतिकाराची. प्रतिकारक वाण उताऱ्याला कमी पडतं असं आपल्यात बोललं जातं, ते इथं लागू होत नाही. रोग नसेल तिथं अशी जोडवाणं साधारण सारखीच उतरतात. रोग असेल तिथं जुनं बसतं, नवं उभं राहतं. दाण्याचंही तसंच. जनुक काही दाणा टपोरा करत नाही. मूळ शाबूत राहिलं, झाड शेंगा भरेपर्यंत जगलं, तर दाणा भरतो. एवढाच हिशोब.

पण रोगही बदलत गेला. १९७० च्या दशकात नवनवे वंश सापडले आणि पहिलं जनुक अपुरं पडलं. किंग्वा वाणातलं दुसरं जनुक घालून विल्यम्स ८२ आलं. पुढं त्यालाही भेदणारे वंश निघाले. म्हणून तिकडं आता अनेक जनुकांतून येणारी सहनशीलताही बघतात.

आपल्याकडं पावसाच्या खंडात झाडं वाळवते ती बहुतेक चारकोल रॉट. तिची बुरशी वेगळी, स्वभाव उलटा: तिला उष्णता आणि कोरड लागते. खोड चिरलं तर आत काळी भुकटी दिसते. तिला पूर्ण रोखणारं एकटं जनुक हाती नाही, वाणं फार तर कमी-जास्त सहनशील. हॅरोसॉय ६३ चं जनुक इथं कामाचं नाही.

अशी झाडं लवकर पिवळी पडतात, दाणा बारीक राहतो, आणि बुरशी बियाण्यातूनही येते. माझ्या मुरमाड तुकड्यात ती दिसली की तिथला माल मी वेगळा मळतो. घरच्या बियाण्यात त्यातला एक दाणा जाऊ देत नाही.