बिदरचे तीन वाटे

हैदराबादेतल्या आपल्या मराठी घरांत मूळ गाव विचारले की कोणी उदगीर सांगतो, कोणी भालकी, कोणी नारायणखेड. घरात वडीलधारे कोणी असतील तर ते हमखास पुस्ती जोडतात, "पूर्वीचा बिदर जिल्हा." आज उदगीर महाराष्ट्रात आहे, भालकी कर्नाटकात आणि नारायणखेड तेलंगणात. सीमाप्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बेळगाव येते, आणि ते योग्यच आहे. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरावरून गेलेली सीमारेषा बिदरची आहे, आणि तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही.

डिसेंबर 1953 मध्ये केंद्र सरकारने राज्य पुनर्रचना आयोग नेमला. न्या. फाजल अली अध्यक्ष, पंडित हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर सदस्य. सप्टेंबर 1955 च्या अहवालात आयोगाने हैदराबाद राज्य संपूर्ण मोडायला सांगितले नव्हते. मराठवाडा मुंबई राज्यात आणि गुलबर्गा-रायचूर कर्नाटकात जावेत. तेलंगणाचे जिल्हे आणि बिदर मिळून हैदराबाद राज्य राहावे. 1961 च्या सुमाराच्या निवडणुकीनंतर त्या राज्याच्या विधानसभेने दोन तृतीयांश बहुमताने ठरवले तर त्याने आंध्रात सामील व्हावे, अशी ती शिफारस होती. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषा नांदणाऱ्या बिदरला हैदराबादशी जोडून ठेवणे आयोगाला सोयीचे वाटले.

मात्र फेब्रुवारी 1956 मध्ये आंध्र आणि तेलंगणाच्या नेत्यांचा समझोता झाला आणि तेलंगणा लगेचच आंध्रात जायचे ठरले. हैदराबाद राज्यच उरणार नव्हते, तेव्हा बिदरने राहायचे कोणाकडे? उत्तर निघाले ते वाटणीचे. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याने अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्याला दिले. नारायणखेड तालुका, निर्णा सर्कल वगळून जहीराबाद तालुका आणि बिदर तालुक्यातले न्यालकल सर्कल आंध्र प्रदेशात गेले. उरलेला भाग, म्हणजे बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा मुलूख, म्हैसूर राज्याच्या वाट्याला आला. 1 नोव्हेंबर 1956 च्या सकाळी बहामनींची ही जुनी राजधानी तिसऱ्याच राज्याच्या टोकाला जाऊन बसली होती.

या वाटणीत तालुकासुद्धा अखंड ठेवलेला नाही, सर्कलपर्यंत उतरून कात्री चालवली आहे. उत्तरेलाही तेच झाले. आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात आले. उलट नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा व कुबेर ही सर्कले आणि देगलूर तालुक्यातली बिच्कुंदा व जुक्कल ही सर्कले आंध्रात गेली. गोदाकाठचे बासरही याच मुलखातले. नांदेडची माणसे मुलांना सरस्वतीसमोर अक्षरे गिरवायला आजही तिथे नेतात, फक्त आता राज्य ओलांडून.

त्याच कायद्याने बेळगाव जिल्ह्याला मात्र वेगळे माप लावले. तिथून फक्त चंदगड तालुका वेगळा काढला आणि बाकी सगळा जिल्हा म्हैसूरला दिला. इकडे सर्कल मोजले, तिकडे जिल्हा. महाराष्ट्राचा आक्षेप नेमका या मापावर होता. आंध्र-मद्रास सीमेसाठी पाटसकरांनी गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत हे निकष वापरले होते. तेच आपल्याकडे का नकोत, हा प्रश्न पुढे महाजन आयोगासमोर गेला. 1967 च्या त्या अहवालाने बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. कर्नाटकाने अहवाल स्वीकारला, महाराष्ट्राने फेटाळला. 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. महाराष्ट्राच्या मागणीत भालकी-औरादकडची गावेही आहेत, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

माप न्याय्य असावे, ही मागणी रास्तच आहे. पण बिदरचा अनुभव आणखी एक गोष्ट सांगतो. इथे सर्कलपर्यंत बारीक मोजूनही भालकीला मराठी उरली, भैंसाला उरली, आणि उदगीरकडे कानडी उरली. आठवड्याच्या बाजारात दोन भाषा आणि सोयरीक तिसऱ्या तालुक्यात, अशी ही वस्ती. हुमनाबादजवळच्या माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी मराठीत पदे केली आणि कानडीतही. असा मुलूख कुठूनही कापला तरी काही घरे पलीकडे राहणारच.

हे कायदा करणाऱ्यांनाही कळत होते. राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला आहे; संबंधित विधिमंडळाचे मत मागवले जाते, पण ते बंधनकारक नसते. मात्र त्याच 1956 सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने 350-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. पाठोपाठच्या 350-ब ने त्यावर देखरेखीसाठी विशेष अधिकारी नेमला. रेषा आखणाऱ्यांनी रेषेपलीकडच्यांसाठी ठेवलेली ही तरतूद आहे. मोर्चांत नकाशा फडकतो, हे कलम क्वचितच.

आपण हैदराबादकर तर कोणत्याच दाव्याच्या नकाशात नव्हतो. तरीही 1907 मध्ये इथे विवेक वर्धिनी उभी राहिली आणि 1922 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय. दरबारची भाषा उर्दू होती आणि 350-अ सारखे कोणतेही कलम पाठीशी नव्हते, अशा काळात त्या पिढीने हे केले. आपल्या पाठीशी घटना आहे. सीमेचा निकाल न्यायालय आणि संसद देतील तेव्हा देतील. भालकीत, भैंसात आणि आपल्या शहरात मराठी वर्ग भरत राहावेत, यासाठी त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. वर्गात मुले पाठवणे आणि शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर लेखी अर्ज घेऊन कार्यालयात जाणे, एवढे तर आपल्या हाती आहे. बिदरचे तीन वाटे झाले. त्या तिन्ही वाट्यांत मराठी वाचणारे मूल असावे, हे आता आपल्यावर आहे.