एकास चोवीस

दिवाळीच्या सुट्टीत मुले अंगणात किल्ला करतात. त्या किल्ल्यावर पहारा देणारा मावळा बहुधा बुरुजाएवढाच उंच असतो, तळ्यातला हंस होडीपेक्षा मोठा असतो, आणि पायथ्याशी उभी केलेली मोटार किल्ल्याच्या दरवाजातून आत जाणे शक्य नसते. कोणाची त्याला हरकत नसते आणि असूही नये. पण त्या मुलांपैकी एखादे कधीतरी विचारते, ''हा मावळा खऱ्या माणसाएवढा धरला, तर किल्ला केवढा होईल?'' हा प्रश्न पडला की मूल गुणोत्तराच्या दारात येऊन उभे राहते. प्रमाणबद्ध प्रतिकृतींचा छंद नेमका इथून सुरू होतो.

या लेखात आपण या छंदाच्या एका शाखेचा इतिहास पाहणार आहोत. सुटे भाग जोडून तयार करायच्या छोट्या मोटारी, म्हणजे मॉडेल किट, आणि त्या विकणारी दुकाने असा हा विषय आहे. इंग्लंड, अमेरिका आणि जपान येथे हा उद्योग वाढला. त्याचा मागोवा घेताना एक प्रश्न आम्हाला वारंवार पडला, आणि तो शिक्षकांच्या कामाचा आहे: प्रतिकृतीसाठी माप कोणी घ्यायचे?

चोवीसच का?

छोट्या मोटारींच्या खोक्यावर १:२४, १:३२, १:४३ असे आकडे छापलेले असतात. मेट्रिक पद्धतीत वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना ते विचित्र वाटतात. एकास वीस किंवा एकास पन्नास असे सोपे प्रमाण का घेतले नाही?

उत्तर इंच-फुटांत आहे. एका फुटाचे बारा इंच होतात. खऱ्या वस्तूच्या एका फुटासाठी प्रतिकृतीत अर्धा इंच घेतला, तर प्रमाण १:२४ येते. पाव इंच घेतला तर १:४८, आणि तीन अष्टमांश इंच घेतला तर १:३२. सहा फुटांसाठी एक इंच घेतला तर १:७२. म्हणजे हे आकडे भागाकार टाळण्यासाठी निवडलेले आहेत. ज्याच्या हातात इंचाची फूटपट्टी आहे, त्याला ती नुसती वाचली तरी पुरते. आपल्याकडचे सुतार आणि शिंपी आजही इंचात बोलतात, त्यांना हे लगेच कळेल.

१:४३ ची गोष्ट थोडी वेगळी आहे. हे प्रमाण खेळण्यातल्या आगगाड्यांकडून आले. 'ओ गेज' या रुळांच्या ब्रिटिश गाड्यांसाठी एका फुटाला सात मिलिमीटर असे माप धरत. फूट आणि मिलिमीटर यांच्या या मिश्र संसारातून सुमारे १:४३.५ हे प्रमाण निघते. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ पासून 'डिंकी टॉइज' या नावाने ज्या धातूच्या मोटारी विकल्या, त्यांचा उगम अशा आगगाड्यांच्या देखाव्यात ठेवायच्या वस्तूंत होता. म्हणून पुष्कळ मोटारींचे प्रमाणही त्याच्या जवळपास राहिले.

जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस एक रणगाडा बनवला. त्याच्या पोटात विजेची मोटर आणि विद्युत घट बसले पाहिजेत, म्हणून त्याची रुंदी त्या हिशेबाने ठरली. मागाहून प्रमाण काढले तेव्हा ते १:३५ भरले, आणि लष्करी प्रतिकृतींसाठी तेच जगभर रूढ झाले. प्रमाण हा निसर्गनियम नसून माणसांनी सोयीसाठी केलेला करार आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

ट्रॅक्टर आणि दोन शिलिंग

एअरफिक्स ही कंपनी १९३९ साली निकोलस कोव्ह या हंगेरियन उद्योजकाने लंडनमध्ये काढली. आरंभी ती हवा भरायची रबरी खेळणी करीत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिने प्लास्टिकच्या कंगव्यांसाठी इंजेक्शन मोल्डिंगचे यंत्र घेतले. या यंत्रात तापवून पातळ केलेले प्लास्टिक मोठ्या दाबाने पोलादी साच्यात घुसवतात. ते थंड झाले की साचा उघडतो आणि वस्तू बाहेर पडते.

१९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकांपुढे ठेवण्यासाठी छोटा ट्रॅक्टर हवा होता. ते काम एअरफिक्सकडे आले. पण अख्खा ट्रॅक्टर एका साच्यातून काढणे शक्य नव्हते. साचा उघडताना वस्तू सरळ बाहेर यावी लागते. आतल्या बाजूला वळलेला कोपरा असला तर ती अडकते. म्हणून ट्रॅक्टरचे भाग वेगवेगळे ओतून कामगार ते हाताने जोडत. पुढे कंपनीच्या लक्षात आले, की जोडण्याचे हे काम गिऱ्हाइकावर सोपवले तर खर्च वाचेल. मग तोच ट्रॅक्टर सुट्या भागांत विकला जाऊ लागला. कंपनीला जी मजुरी टाळायची होती, ती मुलांनी पैसे देऊन आनंदाने विकत घेतली!

त्यानंतरचा बदल दुकानदाराने घडवला. वूलवर्थ या दुकानांच्या मोठ्या साखळीत वस्तू ठेवायची, तर ती स्वस्त असायला हवी होती. 'गोल्डन हाइंड' हे जहाज दोन शिलिंगांत विकण्यासाठी एअरफिक्सने खोके काढून टाकले. भाग पारदर्शक पिशवीत भरले आणि जोडणीच्या सूचना वरच्या कागदी पट्टीवर छापल्या. सेल्युलोज ॲसिटेटऐवजी पॉलिस्टायरीन वापरले. ॲसिटेट ओलावा शोषते आणि काही वर्षांत वाकडे होते. पॉलिस्टायरीन आकार टिकवते. शिवाय ते योग्य द्रावकात विरघळते. म्हणून या किटचा चिकटद्रव खळीसारखा नुसता मध्ये बसून राहत नाही. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवतो, ते एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर एकजीव होतात. आम्ही पहिली मोटार जोडली तेव्हा हे ठाऊक नव्हते. चिकटद्रव लागलेल्या बोटांनी काचा धरल्या आणि बोटांचे ठसे त्यांवर कायमचे उमटले.

एका खोक्यात तीन मोटारी

अमेरिकेतही सुरुवात विक्रेत्यांपासूनच झाली. मिशिगन राज्यात १९४८ साली स्थापन झालेली एएमटी कंपनी फोर्डसारख्या कारखान्यांच्या विक्रेत्यांसाठी नव्या मोटारींच्या प्रतिकृती करीत असे. त्यांचे प्रमाण १:२५ होते. पोलादी साचा तयार करणे फार खर्चाचे काम. तो परवडायचा तर त्यातून हजारो नग निघाले पाहिजेत. १९५८ मध्ये एएमटीने अशाच साच्यांतून मुलांसाठी किट काढली. प्रत्येक खोक्यात जादा भाग असत, त्यामुळे एकच मोटार कारखान्यातून आली तशी, स्वतःच्या आवडीने बदललेली, किंवा शर्यतीची अशा तीन प्रकारे जोडता येई. डेट्रॉइटचे कारखाने दरवर्षी मोटारींचे रूप बदलत, त्यामुळे दरवर्षी नवे किटही येई.

असा माल विकणे हे साध्या खेळण्यांच्या दुकानदाराचे काम नव्हते. किटबरोबर रंगांच्या छोट्या डब्या, कुंचले, कानस, पातळ पात्याची सुरी, चिकटद्रव हे सारे लागते. खरे म्हणजे किट एकदाच विकले जाते, पण रंगासाठी मूल पुन्हा पुन्हा येते. म्हणून केवळ छंदासाठी वाहिलेली दुकाने उभी राहिली. न्यूयॉर्कमध्ये पोल्क बंधूंनी १९३० च्या दशकात, ऐन मंदीच्या काळात, असे दुकान काढले होते. १९५०-६० च्या दशकांत त्यांची संख्या गावोगाव वाढली. तयार मोटारी काचेच्या कपाटात मांडलेल्या असत. कोणता रंग प्लास्टिक खातो, चाक तिरके बसले तर काय करायचे, हे गिऱ्हाईक दुकानदाराला विचारी. १:२४ आणि १:२५ या मोटारींचे भाग एकमेकांना का बसत नाहीत, हेही तिथेच कळे. ४.८ मीटर लांबीची मोटार पहिल्या प्रमाणात २०० मिलिमीटर आणि दुसऱ्यात १९२ मिलिमीटर होते. फळीवर दोन्ही सारख्या दिसतात, पण आठ मिलिमीटरांचा फरक जोडताना लपत नाही.

जे लहान होत नाही

आता थोडे गणित करू. १:२४ प्रमाणात लांबी २४ पटीने कमी होते. पृष्ठभाग २४ × २४, म्हणजे ५७६ पटीने कमी होतो, आणि घनफळ १३,८२४ पटीने. हजार किलोची मोटार सर्व भागांसह आणि त्याच धातूंत या प्रमाणात करता आली, तर तिचे वजन सुमारे ७२ ग्रॅम भरेल.

पण ती तशी करता येत नाही. मोटारीचा पत्रा साधारण ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो. चोवीसने भागल्यावर ही जाडी ०.०३३ मिलिमीटर येते, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्म्याहूनही कमी. इतके पातळ प्लास्टिक साच्यात नीट भरणार नाही आणि हातात टिकणारही नाही. म्हणून किटच्या मोटारीची भिंत एक मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. खऱ्या मोटारीच्या भाषेत हा २४ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा झाला! तेच रंगाचे. रंगाचा ०.१ मिलिमीटरचा थर या प्रमाणात २.४ मिलिमीटर होतो आणि दाराच्या फटी बुजवून टाकतो. जाणकार रंग पातळ करून अनेक हलके हात देतात, त्याचे कारण हे आहे.

म्हणजे प्रतिकृती करणारा केवळ भागाकार करीत नाही. काय भागायचे, काय जाड ठेवायचे आणि काय सोडून द्यायचे, हे त्याला ठरवावे लागते. नकाशा काढणाराही हेच करतो.

माप कोणी घ्यायचे?

किटमध्ये मात्र हे निर्णय मुलाच्या आधीच कोणीतरी घेतलेले असतात. तामियाचे शुनसाकु तामिया यांना १९७६ च्या सुमारास पोर्श ९३४ ची १:१२ प्रतिकृती करायची होती. छायाचित्रांवर भागेना, तेव्हा त्यांनी खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि सुटी करून मापली. ती पुन्हा जोडताना पोर्शच्या तंत्रज्ञांची मदत घ्यावी लागली. त्या खटाटोपात जे शिक्षण झाले, ते कारखान्यातल्या माणसांचे झाले. खोके उघडणाऱ्या मुलाच्या वाट्याला त्याचे फळ आले.

याच्या उलट टोकाचा एक प्रयोग अमेरिकेत झाला होता. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये किशोरवयीन मुलांसाठी 'क्राफ्ट्समन्स गिल्ड' ही स्पर्धा सुरू केली. आरंभी कंपनीच्या बोधचिन्हातली शाही घोडागाडी नकाशावरून हुबेहूब बनवायची असे. १९३७ पासून स्वतः कल्पिलेली मोटार १:१२ प्रमाणात घडवण्याचा विभागही आला. भाग मिळत नसत. लाकूड कोरणे, धातू घासणे, मापे पुन्हा पुन्हा तपासणे, यात मुलांचे शेकडो तास जात. विजेत्यांना विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या मिळत. १९४७ चा विजेता चार्ल्स जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या संकल्पन विभागाचा प्रमुख झाला. १९६८ मध्ये ही स्पर्धा बंद पडली.

या दोन्हींत श्रेष्ठ कोणते, हे ठरवणे सोपे नाही. गिल्डमध्ये माप मुलाच्या हातात होते, पण तिथे मुलींना प्रवेश नव्हता आणि हत्यारे, वेळ, चिकाटी ज्यांच्यापाशी असेल त्यांचेच ते काम होते. किटने माप काढून घेतले, पण खिशातल्या पैशांत मोटारीची रचना लाखो मुलांच्या हातांत दिली. इंजिन कुठे बसते, आस चाकांना कसा जोडतात, हे त्यांनी बोटांनी शिकले.

पुढे या व्यवसायाला ओहोटी लागली. पॉलिस्टायरीन खनिज तेलापासून बनते, त्यामुळे १९७३ च्या तेलसंकटाची झळ लागली. नंतर व्हिडिओ खेळ आले. एअरफिक्स १९८१ मध्ये डबघाईला आली आणि हातोहात फिरत २००६ मध्ये हॉर्नबी कंपनीकडे गेली. ब्रिटनमधील 'मॉडेलझोन' ही छंदाच्या दुकानांची साखळी २०१३ मध्ये बंद झाली. पोलादी साचे मात्र टिकाऊ असतात. डिंकीचे काही जुने साचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याला आले आणि त्यांतून 'निकी टॉइज' या नावाच्या मोटारी निघाल्या. साचा असा विकता येतो, हलवता येतो. दुकानदाराचे ज्ञान दुकानाबरोबर जाते.

ते ज्ञान वर्गात आणायला महाग किट लागत नाही. शाळेसमोर उभी असलेली रिक्षा पाहा. रिक्षावाल्यांची परवानगी घेऊन एका गटाने टेपने मापे घ्यावीत, दुसऱ्याने चोवीसने भागावे, तिसऱ्याने पुठ्ठ्यातून भाग कापावेत. २.६ मीटरची रिक्षा सुमारे ११ सेंटिमीटरची होईल. मग अडचणी सुरू होतील. दोन सेंटिमीटर जाडीचा दांडा एक मिलिमीटरही भरणार नाही. पुठ्ठाच त्याहून जाड निघेल. मीटरचा डबा दाखवायचा की नाही, यावर वाद होईल. तिसरा गट पहिल्याकडे माप विचारायला परत जाईल, आणि पहिल्याला आढळेल की ते घ्यायचेच राहिले आहे. अशा वेळी शिक्षकांनी उत्तर सांगू नये. टेप हातात देऊन त्यांना पुन्हा रिक्षाकडे पाठवावे.