हिस्लॉप कोण होता?

मागच्या आठवड्यात हापिसात डबा खाताना मी एक आगाऊ प्रश्न विचारला. शेजारी बसणारा मित्र ख्रिश्चन आहे. दोन वर्षं एकत्र काम करतोय, रोज एकमेकांच्या भाज्या खातोय. सहज विचारलं, "तुम्ही लोक मूळचे कुठले रे? गोवा की केरळ?"

तो हसला. "नागपूरचे बे. तुझे आजोबा केव्हा आले नागपुरात?"

"छप्पन साली. वर्ध्याहून."

"माझे खापरपणजोबा इथल्या मिशनच्या शाळेत मास्तर होते. तुमच्या आधी शंभर वर्षं तरी आम्ही इथेच आहोत."

मी गप्प. वर त्याने विचारलं, "तुझे आजोबा हिस्लॉप कॉलेजचे ना? हिस्लॉप कोण होता, सांग बरं."

नाही सांगता आलं! आजोबा हिस्लॉपात शिकले, मग गांधीबागेत कापडाच्या पेढीवर हिशेब लिहायला लागले, शेवटपर्यंत "आमचं हिस्लॉप" म्हणत राहिले. त्यांच्या पदवीचा फोटो देवघराच्या वरच लटकलाय. पण हिस्लॉप हा माणूस होता हेच माझ्या कधी डोक्यात आलं नाही. तर मंडळी, हा विकांत त्यात गेला.

स्टीफन हिस्लॉपचा जन्म १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. तिथलं चर्च प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशप नसलेलं. कारभार मंडळीने निवडलेल्या वडिलांच्या हातात (हे चर्चमधले 'वडील', आपले बाबा नव्हेत). पण गावचा पाद्री कोण हे मात्र बऱ्याच ठिकाणी जमीनदार ठरवायचा. यावरून भांडण इतकं वाढलं, की १८४३ मध्ये चारशेच्या वर पाद्री पगार आणि घरं सोडून बाहेर पडले आणि त्यांनी 'फ्री चर्च' काढलं. हिस्लॉप या फ्री चर्चचा. डिसेंबर १८४४ मध्ये तो मुंबईला उतरला आणि १८४५ च्या सुरुवातीला नागपूरला पोचला.

तेव्हा इथे इंग्रजांचं नाही, तिसऱ्या रघूजी भोसल्यांचं राज्य होतं. इंग्रजांचा रेसिडेंट सीताबर्डीला, फौज कामठीला. ही फौज मद्रासची, त्यामुळे कामठीत तमिळ-तेलुगू बोलणारे खूप. हिस्लॉप मराठी शिकला, शाळा काढल्या, बाजारात उभा राहून उपदेश केला. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर नावाचा जोडीदार आला, पण तब्येत बिघडून १८५५ मध्ये परत गेला.

आणि धर्मांतरं? फार थोडी. यात नवल नाही म्हणा. सयाममध्ये (आजचं थायलंड) अमेरिकन प्रेस्बिटेरियन १८४० मध्ये पोचले, पहिला सयामी माणूस त्यांच्या चर्चमध्ये आला १८५९ मध्ये. एकोणीस वर्षांत एक! आमच्या मॅनेजरने असा प्रोजेक्ट पहिल्याच तिमाहीत गुंडाळला असता.

पण जे थोडे आले, त्यांनी काय मोजलं याचा विचार मी आजवर केला नव्हता. धर्म बदलला की जात गेली, घर गेलं, वाटणीही गेली. कंपनी सरकारने १८५० मध्ये कायदा केला, की धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही. पण तो कंपनीच्या मुलखापुरता. नागपूर खालसा झालं १८५४ मध्ये, रघूजी वारल्यावर. म्हणजे त्याआधी इथे जो ख्रिस्ती झाला, त्याच्या पाठीशी हा कायदाही नव्हता. "साहेबाच्या फायद्यासाठी गेले" असं आपण किती सहज म्हणतो ना?

हिस्लॉपचा दुसरा नाद दगडांचा. टाकळीच्या खडकात त्याला जीवाश्म सापडले. हंटरबरोबर त्याने नागपूरच्या भूगर्भावर लिहिलेला निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने छापला. एका हिरवट खनिजाला 'हिस्लोपाइट' असं नावही आहे. शिवाय तो गोंडांमध्ये फिरला, त्यांचे शब्द टिपले, एका परधानाकडून लिंगोचं लांबलचक गाणं उतरवून घेतलं. म्हणजे ज्यांचा धर्म बदलायला आला, त्यांच्याच धर्माची कथा त्याने कागदावर जपली. हा विरोधाभास मला अजून नीट पचलेला नाही.

४ सप्टेंबर १८६३. मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याच्या मुक्कामाला तो बोरीला गेला होता. तिथून टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेला. परतायला रात्र झाली, पावसाने नाला फुगला होता. मुक्कामावर त्याचा घोडा एकटाच परत आला. शेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. त्याची टिपणं टेंपलने १८६६ मध्ये छापली, त्यात लिंगोचं गाणं आहे. आणि शंभर-एक वर्षांनी, १९६८-६९ मध्ये, शां. भा. देव यांनी टाकळघाटला उत्खनन केलं.

कॉलेज निघालं १८८३ मध्ये, म्हणजे हिस्लॉप गेल्यावर वीस वर्षांनी. त्याने ते पाहिलंच नाही. तिथून हजारो मुलं बाहेर पडली, त्यातली बहुतेक माझ्या आजोबांसारखी. शेक्सपिअर शिकली, घरी येऊन संध्या केली. मिशनच्या मूळ हेतूने बघितलं तर आजोबा म्हणजे अपयश. कॉलेजच्या हेतूने बघितलं तर यश. दोन्ही खरंच!

'प्रेस्बिटेरियन' ही पाटीही पुढे राहिली नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चं एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं, आणि तेही इथेच, नागपुरात. या नव्या चर्चला बिशप आहेत. 'बिशप नको' म्हणणाऱ्यांच्या वारसांनी एकीसाठी बिशप स्वीकारला.

मला वाटतं, आपण मिशनऱ्यांबद्दल दोनच सुरांत बोलतो. एक, शाळा-दवाखाने काढणारे देवमाणूस. दोन, बाटवायला आलेले परके. या दोन्ही सुरांत फक्त साहेबाचीच गोष्ट असते. मित्राचे खापरपणजोबा कुठेच नसतात. ते याच गावचे, मराठीत शिकवणारे, आणि त्यांनी एक निर्णय स्वतः घेतला होता. आम्ही शाळा घेतली आणि शाळेमागचा हेतू नाकारला. हक्कच होता आमचा. त्यांनी हेतूही घेतला. तोही त्यांचा हक्कच. पण त्यासाठी त्यांच्या पाचव्या पिढीला अजून "मूळचे कुठले?" याचं उत्तर द्यावं लागतं, आणि मला कुणी विचारतही नाही. मी तर वर्ध्याचा!

असो. सोमवारी डबा उघडून मी म्हटलं, "हिस्लॉप नाल्यात बुडून गेला, माहितेय?"

"माहितेय," तो म्हणाला. "तुला कळायला दोन वर्षं लागली. भरीत आणलंय का?"

आणलं होतं.