ऑल्व्हस्टनचे दार आणि आपली ओटी

न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात रॉयल टेरेसवर ऑल्व्हस्टन नावाचे पस्तीस खोल्यांचे घर आहे. डेव्हिड थिओमिन या यहुदी व्यापाऱ्याने ते १९०४ ते १९०६ या काळात बांधले. त्यांचा धंदा पियानोंचा. कंपनीचे नाव होते ड्रेस्डेन. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव लोकांना खुपू लागले, तेव्हा ते ब्रिस्टल झाले. मुलगी डोरोथी १९६६ साली वारली. तिने हे घर शहराला देऊन टाकले, म्हणून आज तुम्हा-आम्हाला ते आतून पाहता येते.

आराखडा लंडनच्या अर्नेस्ट जॉर्ज यांचा. शैली जॅकोबियन, म्हणजे पहिल्या जेम्स राजाच्या (१६०३-२५) काळातल्या इंग्रजी वाड्यांची. आत गेले की दुमजली उंचीचा हॉल, गडद ओकचे लाकूडकाम, कोरीव जिना, वर सज्जा. पाहुण्याने दबूनच जावे! गंमत म्हणजे या तीनशे वर्षांपूर्वीच्या थाटाच्या आड विजेचे दिवे होते आणि घरातल्या घरात बोलायला टेलिफोनही.

मुंबईच्या शाळेत आम्ही स्टुअर्ट राजांच्या सनावळ्या घोकल्या, पण त्यात १२९० आणि १६५६ हे दोन सन कोणी सांगितले नाहीत. १२९० मध्ये पहिल्या एडवर्डने यहुद्यांना इंग्लंडबाहेर घालवले. १६५६ पासून, क्रॉमवेलच्या अमदानीत, ते पुन्हा उघडपणे राहू लागले. जेम्स राजा मधल्या काळातला. म्हणजे थिओमिन यांनी ज्या काळाचा थाट दारात मांडला, त्या काळी त्यांच्या पूर्वजांना तसल्या दारात उभेही केले नसते. कोणी याला इंग्रजांची नक्कल म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. ब्रिस्टलमध्ये जन्मलेल्या या माणसाने तो काळही आपल्या वारशात जमा करून घेतला, असे आम्ही समजतो.

साध्या लोकांची घरे इथे लाकडी. १८८० ते १९१० च्या सुमारास बांधलेल्या या घरांना ‘व्हिला’ म्हणतात. पुढे व्हरांडा, दाराला रंगीत काचा, आणि घराच्या मधोमध सरळ जाणारा बोळ. बोळाच्या भिंतीचा खालचा भाग गडद, वरचा फिका. खाली ‘लिंक्रस्टा’ हा उठावाच्या नक्षीचा जाड कागद लावत. लिनोलियम काढणाऱ्या फ्रेडरिक वॉल्टननेच तो १८७७ मध्ये काढला. टोप्या, छत्र्या, ओले कोट भिंतीला घासले तरी बिघडत नसे. दिसायला कोरीव लाकूड, किंमत कागदाची.

आम्ही अशाच एका जुन्या व्हिलात राहतो. पहिल्या वर्षी वाटले, दारी अलिबागकडची ओटी करावी: झोपाळा, पाय धुवायला तांब्या, येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस. पण ओटी रस्त्याकडे उघडी असते आणि इथला वारा दार उघडे ठेवू देत नाही. शिवाय या घरालाही स्वतःची रीत आहे, ती मोडायला मन होईना. म्हणून काचा, लिंक्रस्टा, तपकिरी रंग, सारे जुन्या पद्धतीनेच दुरुस्त करून घेतले. उजव्या चौकटीवर मेझुझा.

या घरांत भिंतीला खिळा ठोकत नाहीत. वर लाकडी पट्टी असते, तिच्या आकड्याला दोरीने चित्र टांगतात. पूर्वी तिथे बहुधा व्हिक्टोरिया राणी असायची. आता तिथे अग्निरथातून वर जाणारे एलियाहू हन्नबी आहेत, आईच्या घरातलेच चित्र, आणि तपकिरी भिंतीवर त्या ज्वाळांचा रंग चांगला उठून दिसतो.