उन्हाळ्यात घरगुती मत्स्यालयाची निगा

मे महिन्यात जबलपूरचे कमाल तापमान अनेकदा ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. घरगुती मत्स्यालयातील माशांना तेव्हा दुहेरी धोका संभवतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम असलेले प्रमाण ३५ अंशांना ७ मिलिग्रॅमच्या आसपास येते. माशांची प्राणवायूची गरज मात्र उष्म्याने वाढते. थंड पाण्यात रमणाऱ्या गोल्डफिशला हा ताण विशेष जाणवतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर विलंब करू नये.

झाकणाऐवजी जाळी बसवून पाण्यावर पंख्याचा झोत सोडणे, हा सर्वांत सोपा उपाय होय. एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. जबलपूरची मे महिन्यातील हवा कोरडी असल्याने दमट मुंबईपेक्षा तेथे हा उपाय अधिक प्रभावी ठरतो. पावसाळा सुरू झाल्यावर त्याचा प्रभाव ओसरतो. घटलेल्या पाण्याची भर क्लोरीनविरहित पाण्याने घालावी. बर्फ थेट टाकू नये. तापमानातील आकस्मिक बदल माशांना घातक ठरतो. खाद्य कमी करावे, दिवे शक्यतो बंद ठेवावेत. वीजपुरवठा वारंवार खंडित होत असल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असू द्यावा.