काचेपलीकडची मुशी

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या इतिहासाकडे आम्ही वळलो, ते एका शब्दामुळे. २०१८ साली मराठीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तेथे गेलो होतो. वसईच्या किनाऱ्यावरची एक विद्यार्थिनी टाकीसमोर उभी राहून सहज म्हणाली, "सर, ही तर मुशी!" वर्ग हसला. कारण बाकी सर्वांच्या लेखी तो 'शार्क' होता. आमच्याही.

हे मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभे राहिले. उद्‌घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केले आणि वास्तूला देणगीदाराचे नाव मिळाले. ज्या रस्त्यालगत ते उभे राहिले तो रस्ताच मुळी समुद्रात भराव घालून झालेला. समुद्र मागे सारावा आणि त्याचा नमुना काचेच्या टाकीत भरून तिकीट लावावे, ही आधुनिक नगराची रीत येथे एकाच जागी पाहावयास मिळे. २०१५ साली नूतनीकरण होऊन पारदर्शक बोगदा आला, आणि माशाखालून चालण्याचे अप्रूप मुंबईकरांना लाभले.

परंतु पाहणे आणि ओळखणे यांत अंतर आहे. कोळणीच्या पाटीत मुशी, पाकट, वाम, घोळ, दाढा यांची ओळख हाताला आणि जिभेला असते. त्यांची नावे भाव करताना उच्चारली जातात. काचेपुढे उभा राहणारा मात्र प्रेक्षक असतो, आणि प्रेक्षकाची भाषा सहसा पुस्तकातून येते. आपल्या शब्दकोशांची साथही येथे तोकडी पडते. माशाच्या नावापुढे 'एक प्रकारचा मासा' एवढे लिहून कोशकार मोकळा होतो. (आंब्याच्या जातींबाबत तो इतका अरसिक नसतो.)

शास्त्रीय नामकरणाचा इतिहासही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेतील माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा बंगाली 'इलिश' त्याने लॅटिन नावातच गुंफला. तो 'इलिशा' म्हणून जगभर टिकला. आपल्याकडे याच माशाला पाला म्हणतात. आपली मांदेली मात्र शास्त्रात 'डुसुमिएरी' झाली, एका फ्रेंच दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या नावाने. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने राज्यमासा घोषित केला, तोही सर्वतोमुखी झालेल्या 'पापलेट' या नावाने. 'सरंगा' हा शब्द किनाऱ्यावरच्या घरांत राहिला. पापलेटला आमचा आक्षेप नाही. परभाषेतून आलेला शब्द मराठीत रुळतो, तेव्हा भाषा वाढतेच. प्रश्न एवढाच, की तो येताना घरच्या शब्दाला अडाणी ठरवून येतो काय?

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे मत्स्यालयाची दारे बंद झाली आणि पुढे इमारतच धोकादायक ठरली. आमच्यापाशी त्या सहलीवरील निबंधांचा गठ्ठा अद्याप आहे. वसईच्या विद्यार्थिनीचा निबंध परवा पुन्हा वाचला. तीन पाने, स्वच्छ अक्षर, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. सर्वत्र 'शार्क' लिहिले आहे. खाली आमचीच सही, आणि वर्गातले सर्वाधिक गुण.